आधी राख, मग पिशवी

एन्नोरमध्ये राहणाऱ्या माणसाला कुणी ‘बाजाराला जाताना घरून कापडी पिशवी न्या’ असं सांगू लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या रागाला कारणं होती आणि ती आजही खोटी ठरलेली नाहीत. तरीही माझं मत बदललं. ते कशामुळे बदललं आणि कुठे जागचं हललेलं नाही, हे दोन्ही सांगायला हवं. इथल्या चाळींत, कॉलन्यांत आणि कोळीवस्त्यांत हा वाद अजून मिटलेला नाही.

एन्नोर म्हणजे चेन्नईचं उत्तर टोक. कोसस्थलैयार नदी इथे समुद्राला मिळते, बकिंगहॅम कालवा तिच्या मुखाशी येऊन भिडतो आणि तिथून वर पुलिकतच्या सरोवरापर्यंत पाणथळ पट्टा पसरलेला आहे. याच पट्ट्यात औष्णिक वीज केंद्रं आली, कोळशाचं बंदर आलं, शेजारी मणलीला तेलाचे आणि रसायनांचे कारखाने आले. यजमान वाहनांच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इथे आलो आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. माझं माहेर मुरूडकडचं. खाडी, भरती-ओहोटी, तिवरं यांत मला नवल नव्हतं. नवी होती ती राख. वीज केंद्रातली कोळशाची राख पाण्यात कालवून मोठ्या नळांमधून दूरच्या तळ्यात नेतात. ते नळ जागोजागी गळतात आणि राख खाडीत उतरते. जिथे वल्हं तळाला टेकत नसे तिथे आता माणूस उभा राहतो, असं काट्टुकुप्पमचे म्हातारे कोळी सांगतात. ओहोटीच्या वेळी मी स्वतः ते पाहिलं आहे. गुडघाभर पाणी, आणि खाली सिमेंटसारखा करडा थर.

28 जानेवारी 2017 रोजी बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि दाट काळं तेल एर्णावूरच्या किनाऱ्याला लागलं. माणसं हातात प्लास्टिकच्या बादल्या घेऊन ते तेल उपसत होती. ती छायाचित्रं देशभर गेली. पुढल्या वर्षी, 5 जून 2018 रोजी, मुख्यमंत्री एडप्पाडी पळनिस्वामी यांनी विधानसभेत प्लास्टिकबंदी जाहीर केली. 1 जानेवारी 2019 पासून एकदा वापरून फेकायच्या चौदा प्रकारच्या वस्तू बंद झाल्या. त्यांत कुठल्याही जाडीची कॅरीबॅग आली आणि कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन पिशवीसुद्धा आली. कागदावर हा नियम केंद्राच्या नियमापेक्षा कडक होता, कारण केंद्र तेव्हा 50 मायक्रॉनच्या खालच्याच पिशव्यांना मनाई करत होतं.

पण आम्ही तो नियम कुठून पाहत होतो, हेही लक्षात घ्या. तेल हाताने उपसलेल्या वस्तीला सरकार सांगत होतं की समुद्र वाचवायचा तर कोळंबीची काळी पिशवी सोडा. मी तेव्हा म्हणायचे, ‘आधी राख, मग पिशवी.’ कॉलनीतल्या बायकांच्या बैठकीत म्हणायचे, चेन्नईतल्या मराठी मंडळींत म्हणायचे. पुण्याहून आलेल्या भाचीने एकदा सामान आणायला कापडी पिशवी मागितली, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं.

शिवाय माझ्याकडे आकडे होते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा 2011 चा अभ्यास सांगतो की, हवामानावरचा परिणाम मोजला तर एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या 2018 च्या अभ्यासाने सगळेच परिणाम धरले आणि तो आकडा हजारांत नेला. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, कापड रंगवायला आणखी पाणी लागतं. तर मग कशाला हा सोवळेपणा, असं मी विचारायचे. दूध, दही, तेल, औषधं यांच्या पिशव्यांना 2018 च्या आदेशात सूट होती, चिप्सच्या पुड्या दुकानात लटकतच होत्या आणि तपासणीला आलेली माणसं दंड करायची ती हातगाडीवाल्याला. दोन टोपल्या मासे घेऊन रस्त्याकडेला बसलेली बाई भीतीने पिशव्यांचा गठ्ठा पदराखाली लपवायची. हे मला अन्यायाचं वाटे. तो अन्याय होताच.

करोनाच्या वर्षांत काळी पिशवी उजळ माथ्याने परत आली. 23 डिसेंबर 2021 रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी ‘मीण्डुम मंजप्पै’ ही मोहीम सुरू केली. मीण्डुम म्हणजे पुन्हा आणि मंजप्पै म्हणजे पिवळी कापडी पिशवी. तमिळ लग्नांत नारळ-विडा हळदीच्या रंगाच्या या पिशवीत घालून पाहुण्यांना देतात. आधीच्या पिढीने ती रोजच्या बाजाराला वापरली, मग ती हातात असलेला माणूस गावंढळ ठरू लागला आणि पिशवी घराघरांतून गेली. 2022 मध्ये कोयंबेडूच्या बाजारात यंत्र बसलं, दहा रुपये टाकले की पिवळी पिशवी बाहेर. पर्यावरण खात्याच्या सचिव सुप्रिया साहू या मोहिमेमागे खंबीरपणे उभ्या होत्या. नीलगिरीच्या जिल्हाधिकारी असताना, या शतकाच्या सुरुवातीलाच, त्यांनी तिथे प्लास्टिकविरुद्ध काम केलं होतं. मला त्यांच्याबद्दल आदर होता, तरी एन्नोरच्या बाबतीत माझं म्हणणं तेच राहिलं.

ते म्हणणं पहिल्यांदा डळमळलं ते चिखलात.

आमच्याकडच्या खाडीत इरुळर समाजाच्या बायका हाताने कोळंबी धरतात. जाळं नाही, होडी नाही. कमरेइतक्या, कधी छातीइतक्या पाण्यात वाकून त्या दोन्ही हातांनी तळाचा चिखल चाचपतात आणि बोटांना कोळंबी लागली की चिमटीत पकडतात. ताडाच्या पानांची विणलेली टोपली तोंडात, दातांखाली धरलेली असते, म्हणजे दोन्ही हात मोकळे. कोळंबी पकडली की मान किंचित वळवून ती टोपलीत सोडायची. तासन्‌तास हे चालतं. यांतली एकजण ओहोटी संपली की आमच्या कॉलनीच्या फाटकाशी कोळंबी विकायला बसते. मी तिला अक्का म्हणते, तीही मला अक्काच म्हणते.

एकदा तिच्याशी बोलताना मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, की राख थांबल्याशिवाय पिशवीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ती कोळंबी निवडत होती. ती म्हणाली, ‘अक्का, तुम्हाला ती दोन वेगळी दिसतात. माझ्या हाताला दोन्ही एकाच जागी लागतात.’ मग तिने सांगितलं ते असं. राखेचा थर बसला की तळ घट्ट होतो, कोळंबीला शिरायला जागा राहत नाही, आणि हाताची कातडी सोलते. त्या थरात पिशव्या रुतून बसतात, अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर. बोटांना काहीतरी हलल्यासारखं लागतं, ती झडप घालते, आणि हातात येतं ते पिशवीचं तोंड. आत राख आणि कुजलेलं काहीबाही. असा भाग ती आता सोडूनच देते. म्हणजे हात घालायला उरलेली जागा आणखी कमी झाली. वीज केंद्राला ती काही सांगू शकत नाही. पिशव्या मात्र कुठून येतात ते तिला ठाऊक होतं, कारण तिनेच विकलेली कोळंबी त्यांतूनच आमच्या स्वयंपाकघरात जात होती.

मला यावर उत्तर सुचलं नाही. माझा क्रम, आधी हे मग ते, हा काठावर उभं राहून लावलेला क्रम होता. खाडीच्या तळाशी तो नव्हता.

त्यानंतर मी तिवरांकडे नीट पाहू लागले. कोकणात लहानपणी पाहिलेली तीच जात इथे आहे. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं, शेकड्यांनी, झाडाभोवती. तिवराचा श्वास या मुळांतून चालतो, कारण चिखलात हवा नसते. भरतीच्या पाण्याबरोबर आलेल्या पिशव्या नेमक्या या मुळांत अडकतात. कागद विरघळतो, पालापाचोळा कुजतो, पिशवी मात्र मुळांवर ओल्या फडक्यासारखी चिकटून बसते. इंडोनेशियात जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर याच जातीच्या झाडांवर प्रयोग करून काढलेला निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मुळं थोडीफार झाकली गेली तर झाड वाट काढतं, पूर्ण झाकली गेली तर पानं गळतात आणि झाड मरू शकतं. ब्रिटन-डेन्मार्कच्या ज्या आकड्यांवर मी विसंबून होते, त्यांत ही मुळं कुठेच नव्हती. पिशवी बनवताना काय खर्च झालं ते त्यांनी मोजलं होतं. उघड्यावर फेकलेली पिशवी खाडीत जाऊन काय करते, हे त्या हिशेबाबाहेरच होतं. ज्या देशांत कचरा गोळा होऊन भट्टीत जातो तिथे तो हिशेब पुरत असेल. आमच्याकडची पिशवी नाल्यातून कालव्यात आणि कालव्यातून खाडीत जाते.

आणि कापसाचा प्रश्नही वाटला तितका अवघड नाही. नवी पिशवी विकत घेतली तर 131 चा हिशेब लागू होतो. जुन्या साडीची, चादरीची, पडद्याची शिवली तर कापूस आधीच वापरून झालेला असतो. आपल्या आया-आज्यांनी दुसरं काय केलं? परकराच्या नाडीचे बंद लावलेल्या पिशव्या दारामागच्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या.

मग आला डिसेंबर 2023. मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई बुडाली आणि पुराच्या पाण्याबरोबर मणलीकडून तेल कालव्यात, कालव्यातून खाडीत आलं. पुन्हा त्याच बादल्या, तेच उपसणं. होड्या काळ्या, जाळी काळी, घरांच्या भिंतींवर पाणी चढलं होतं तिथवर काळी रेघ. यजमानांबरोबर मी नेट्टुकुप्पमच्या बाजूला मदतीला गेले होते. तिवरांत अडकलेली प्रत्येक पिशवी तेलाने माखलेली होती. साध्या पाण्यावर तेल तरंगतं, ते निदान उपसून काढता येतं. पिशव्यांच्या घड्यांत शिरलेलं तेल निघत नव्हतं. एकेक पिशवी मुळांतून सोडवायची, ती फाटायची, तिच्यातलं तेल पुन्हा पाण्यात सांडायचं. तेलात भिजलेली पिशवी साध्या कचऱ्यात टाकता येत नाही, तो विषारी कचरा होतो. तेल कारखान्यांच्या बाजूचं होतं. पिशव्या आमच्या होत्या. त्याच महिन्यात 26 तारखेच्या रात्री समुद्राखालून खत कारखान्याकडे जाणाऱ्या नळातून अमोनिया सुटला आणि गावकरी मुलांना कडेवर घेऊन रस्त्यावर धावले. लोक मग पुष्कळ दिवस धरणं धरून बसले. त्या धरण्यात मीही बसायला जात असे. तिथे पाणी, चहा, भात सगळं यायचं ते प्लास्टिकमधून. संध्याकाळी ते सगळं तिथेच वाऱ्यावर. कोळीवस्तीतल्या एका तरुण मुलीने दुसऱ्या दिवशी घरून ताटल्या आणि पेले आणले आणि मोठ्यांना ठणकावून सांगितलं की आपण खाडीसाठी बसलोय. कुणी तिला ‘आधी कारखाना, मग ताटली’ असं म्हटलं नाही.

माझं मत बदललं ते इथे. पक्कं झालं ते पुढच्या कामात.

आमच्या कॉलनीने आणि फाटकाशी बसणाऱ्या विक्रेत्या बायकांनी मिळून पिशवी बंद करायचं ठरवलं. भाजीचा प्रश्न चटकन सुटला. खरी अडचण मासळीची. ओली मासळी कापडी पिशवीत नेता येत नाही, हे शहरातल्या मोहिमा काढणाऱ्यांना आठवतच नाही. साफ केलेल्या शंकरा माशाचं पाणी गळतं, नेत्तिली माशांचा वास कापडातून धुतला तरी जात नाही, खेकडा तर कापड फाडतो. डबा न्यावा हे सरळ उत्तर. पण गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यातून सुटलेलं. सायंकाळची पाळी संपवून येताना वाटेत मडवै, म्हणजे आपली बोय, ताजी दिसली की माणूस घेतो. त्याच्या हातात रिकामा जेवणाचा डबा असतो, पण उद्या त्याच डब्यात सांबारभात न्यायचा असतो. त्यात मासे कोण घालील?

पिशवी नाकारणाऱ्या विक्रेतीचं गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं. मला वाटायचं की लोकांची जाणीव वाढली की पिशवी जाईल. प्रत्यक्षात विक्रेतीच्या मनात जाणीव भरपूर होती, तिला भीती होती ती शेजारच्या टोपलीची. म्हणून ठरलं ते असं की एका दिवसापासून सगळ्याजणींनी एकदम पिशवी बंद करायची. एकीनेही दिली तर बाकीच्यांनीही दुसऱ्या दिवशी द्यायची. आणि रोजच्या गिऱ्हाइकांनी आपला एक झाकणाचा डबा विक्रेतीकडेच ठेवून द्यायचा. तिच्या पाठीमागच्या वायरच्या मोठ्या टोपलीत आता स्टीलचे डबे रचलेले असतात. कुणाच्या झाकणावर नखरंगाचा ठिपका, कुणाच्या कडीला दोरा. आधी रिकामा डबा तराजूवर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग मासे. ती वायरची टोपली प्लास्टिकचीच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे बायका दुपारी बसून विणायच्या तशीच. ती वर्षानुवर्षं टिकते, म्हणून तिच्याशी माझं भांडण नाही.

ठरलेलं सगळं टिकलं असं नाही. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की कुणीतरी पिशवी काढतं. आदित्यवारी गर्दीत तर नक्की. ‘कापडी’ म्हणून एका दुकानदाराने वाटलेल्या पिशव्या आम्ही तपासल्या, एक धागा काडीवर धरला तर त्याचा वितळून मणी झाला. सुती धागा जळून भुकटी होतो. तरी फाटकासमोरच्या नाल्याची जाळी पूर्वीसारखी दर पावसात तुंबत नाही, हे सफाईला येणारी माणसंच सांगतात.

आता माझं न हललेलं मत. राखेबद्दल मी तसूभरही माघार घेतलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने 2022 मध्ये एन्नोरच्या राखेची जबाबदारी वीज कंपनीवर ठेवली. ती राख खाडीतून पूर्ण निघाली पाहिजे, तेलाची भरपाई शेवटच्या होडीपर्यंत पोचली पाहिजे. कारखान्यांनी आपलं नाव छापलेल्या पिशव्या वाटल्या म्हणून त्यांचा हिशेब चुकता होत नाही. ज्यांना पिशवीच्या आडून राख लपवायची आहे त्यांच्याविरुद्ध मी पूर्वीसारखीच उभी राहीन. मात्र राखेच्या आडून पिशवी लपवणं मी सोडलं आहे. विक्रेतीला दंड करून पळून जाणाऱ्या तपासणीलाही माझा विरोध आहे. बंदी करणाऱ्यांनी तिच्याशी बसून बोलावं, पिशवी बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत जावं.

मुंबई-कोकणातल्या वाचकांसाठी दोन शब्द. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांत पिशव्यांचे गठ्ठे निघाले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला पिशवी दिसली होती. 2018 मध्ये महाराष्ट्रानेही बंदी केली, पहिल्या खेपेला पाच हजारांचा दंड ठेवला. तरी माहेरी गेले की मासळीबाजारात काळी पिशवी हातात पडतेच, आणि तीही कोळणीच्या नाइलाजाने. तिला दोष देऊ नका. तुमच्या बाजारातल्या कोळणींना एकत्र बसून ठरवायला मदत करा, एकाच दिवसापासून सगळ्यांनी बंद करा असं सांगा, आणि तुमचा झाकणाचा एक डबा तिच्याकडे ठेवून या.